दोन बोटं माया

आमच्या घरात माया दोन बोटं असते. ब्लाऊजच्या बाजूच्या शिवणीत आतल्या अंगाला जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिवणकाम करणारे माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची, माया सोडायची, पुन्हा टाके घालायचे. बाहेरून कोणाला पत्ता लागत नाही. माझी आई, रत्नमाला, आमच्या पुनर्वसन वसाहतीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज शिवते. तयार ब्लाऊज विकणाऱ्यांवर तिचा भारी राग आहे. "लुच्चे हायेत," ती म्हणते, "माया ठेवतच नाईत."

माझ्या ब्लाऊजात ती दोनाच्या जागी तीन बोटं ठेवायची, कारण मी जाडी आहे. हे मीच सांगून मोकळी होते, म्हणजे कोणाला आडून आडून विचारायला नको. शाळेत मला 'कट्टा' म्हणायचे. माझे बाबा अड्याळला धान खरेदीच्या काट्यावर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, मोजतात, त्यामुळे ते नाव चांगलंच चिकटलं. दोघातिघांना मी बदडून काढलं, तरी सुटलं नाही. आई मात्र कधी काही बोलली नाही. अधूनमधून ब्लेड घेऊन माझा ब्लाऊज मांडीवर घ्यायची, शिवण उसवायची आणि म्हणायची, "खाय बाई, खाय. आईजवळ माया हाय तवरक तुले कायची चिंता?"

मी पवनीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते तेव्हा माझं अंग थांबलं. उन्हाळ्यात आईनं टेप लावला होता. पावसाळा सरता सरता पुन्हा लावला. दंड तोच, पाठ तीच, छाती तीच. टेपवरच्या सगळ्यात बारीक रेघेला आई सूत म्हणते. तिनं टेप डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला आणि ओरडली, "एका सुताचा फरक नाई! थांबली व माय एकदाची!"

ती बातमी तिनं आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी काही सोडलं नव्हतं. भाताचं ताट तेवढंच होतं, चहातली साखर तेवढीच. काही न करता देवानं माफ केल्यासारखं झालं होतं, आणि आमच्या घरात देवाचं नाव कोणी घेत नाही.

त्याच आठवड्यात बाबांचा डबा द्यायला मी अड्याळला गेले. दुपारची वेळ, काटा रिकामा होता. गंमत म्हणून मी त्यावर उभी राहिले. बाबांनी आकडा वाचला आणि त्यांचं हसू गेलं. उन्हाळ्यातही मी अशीच उभी राहिले होते आणि तो आकडा त्यांच्या लक्षात होता. त्यापेक्षा हा बराच वर होता.

"काटा बिघडला असन," बाबा म्हणाले. त्यांनी मला उतरवलं, मोजलेला एक कट्टा ठेवून पाहिला. काटा बरोबर होता. बाबा कट्ट्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "टेप सांगते वाढली नाई, काटा सांगते वाढली. मंग जाऊन कुठं राहिलं ते?"

हाच प्रश्न त्यांनी पूर्वी एकदा केला होता. आमचं जुनं गाव नदीकाठी होतं, ते आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आहे. पाणी चढायला लागलं तेव्हा सगळं गाव नदीकडे तोंड करून बसायचं. नदी तर जिथल्या तिथं दिसायची. "मंग एवढं पानी जाऊन कुठं राहिलं?" असं बाबा म्हणाले होते. पाणी पहिल्यांदा सापडलं ते आनंदाआत्याला. बाबांची ही मोठी बहीण नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. सकाळी चुलीतली राख काढायला तिनं हात घातला आणि राख ओली लागली. वर छप्पर कोरडं, अंगण कोरडं, आणि चुलीच्या पोटात पाणी. मी तेव्हा लहान होते. आत्यानं माझा हात धरून त्या राखेत घातला होता, आणि तो गारवा मला अजून आठवतो.

आत्या नव्या घरात आली, पण फार टिकली नाही. तिला साखर होती. माझ्यासारखीच जाडी होती ती. घरात मला 'आनंदाबाईवर गेली' म्हणायचे आणि मला ते आवडायचंही, कारण तिच्याइतका जीव मला कोणी लावला नाही. शेवटी तिच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली. तेवढ्याशा फोडाची जखम झाली, जखम वर चढली, आणि आत्या गेली. अंगठा काळा पडला होता तरी ती मला म्हणायची, "मले काई दुखत नाई व." ते दुखत नसणंच फार भयंकर होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

काट्याची गोष्ट बाबांनी घरी सांगितली नाही, मीही सांगितली नाही. आईचा आनंद कोणी मोडायचा? पण माझं लक्ष माझ्या अंगाकडे लागलं, आणि एकदा लागलं की ते हटत नाही. एक तर माझी मान काळी पडत चालली होती. मागून, केसांखाली, मखमलीसारखा जाड काळा पट्टा. आईला तो मळ वाटला. तिनं मला न्हाणीत बसवून बेसन लावलं, लिंबू चोळलं, शेवटी भांड्यांची घासणी घेतली. मान लाल झाली, सोलली, आणि खपली पडल्यावर पुन्हा तशीच काळी निघाली. "एवढी शिकलेली पोरगी, पन मान धुवाले येत नाई," आई म्हणाली. मी चिडून भांडं आपटलं.

दुसरं म्हणजे माझ्या पोटात काहीतरी शिवत होतं. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. दुपारी पुनर्वसनात चिटपाखरू नसतं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, सावली धरायला एक जुनं झाड नाही. अशा दुपारी आईची मशीन चालू व्हायची आणि मी खाटेवर पडलेली असायची. आईनं पायडल मारलं की माझ्या उजव्या बरगडीखाली टाका ओढल्यासारखं व्हायचं. मशीन थांबली की ते थांबायचं. मी आईला म्हटलं, "थांब ना थोडी." ती थांबली. मी वाट पाहिली. आणि मशीन बंद असताना, आई हातात कात्री घेऊन बसलेली मला समोर दिसत असताना, आत एक टाका हळूच ओढला गेला.

मी उठून बसले. "काय झालं व?" आई म्हणाली. मी तिच्या सुईत दोरा ओवून दिला. ते काम हल्ली माझ्याकडेच होतं. "माहे डोरे गेले आता," ती म्हणायची. डोळ्यांना ती डोरे म्हणते. दोरा ओवून झाला की लोटाभर पाणी मागायची, ते घटाघटा प्यायची आणि पुन्हा मशीनवर बसायची.

अशोक विजयादशमी जवळ आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळे पांढरे कपडे घालून विहारात जमतात आणि वंदना झाली की गाडी करून नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. माझ्यासाठी पांढरी साडी आणली होती, ब्लाऊज आई शिवणार होती. मापाला तिनं टेप घेतलाच नाही. बायका मापाला जुना ब्लाऊज देऊन जातात, तो ठेवायला आईची एक लोखंडी पेटी आहे. कोणता कोणाचा ते ओळखायला ती आतून रंगीत दोऱ्याची गाठ मारते. माझी गाठ हिरवी. तिनं पेटीतून ब्लाऊज काढला, कापडावर पसरला, खडूनं आखलं आणि कात्री चालवली.

ब्लाऊज घातला तेव्हा आई दोन पावलं मागे सरून बघत राहिली. एक चुणी नाही, कुठं ओढ नाही, कुठं झोळ नाही. इतका बरोबर बसलेला ब्लाऊज मी आयुष्यात घातला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. पण दुसऱ्या कोणीतरी आपल्याला मागून दोन्ही हातांनी धरावं तसं वाटत होतं, आणि ते हात ओळखीचे वाटत होते.

विहारात सकाळी गर्दी होती. रंभाबाई पायरीवर बसली होती. ती आमच्या जुन्या गावची सगळ्यात म्हातारी बाई. तिला उजेड तेवढा दिसतो, माणसं ती हातानं ओळखते. मी वाकून "जय भीम, आजी" म्हटलं. तिनं माझा दंड चाचपला. मग हात पाठीवर फिरवला, वर नेला, आणि माझ्या मानेवर, त्या जाड काळ्या पट्ट्यावर तिची बोटं थांबली.

"आनंदा," ती म्हणाली. "आली काय व?"

"आजी, मी प्रतिक्षा. अंकुशची पोरगी."

तिनं ऐकलंच नाही. मानेवरची बोटं तशीच ठेवून तिनं मायेनं विचारलं, "पाय बरा झाला काय तुहा?"

मला हसून सोडून देता आलं असतं. म्हातारी आहे, आंधळी आहे, चुकली. पण माझी नजर माझ्या पायाकडे गेली. टाचेवर चपलेनं फोड आला होता. कधी आला होता? पोळा झाला त्याच्या आसपास. तो अजून तसाच होता, ओला. आणि तो मला दुखत नव्हता.

वंदना सुरू झाली. सगळ्यांबरोबर मी गुडघ्यांवर बसून पुढे वाकले, आणि बरगडीखालचा तो टाका कोणीतरी हिसका देऊन ओढला. मला श्वास घेता येईना. मी ब्लाऊज सैल करायला बाजूला हात घातला, पण सैल करायला तिथं काहीच नव्हतं. पांढऱ्या साड्यांच्या त्या गर्दीत मी आडवी झाले एवढंच आठवतं.

घरी आणून आईनं हूक काढले. ब्लाऊज उलटा खाटेवर पडला होता. आतून तो अगदी साफ होता. शिवणीला लागून कापड कापून टाकलेलं.

"माया कुठं हाय?" मी विचारलं.

"ठेवली नाई," आई रडत म्हणाली. "आता तू थांबली ना. मले वाटलं, आतून साफ दिसू दे पोरीचा ब्लाऊज. आता कायले पायजे माया?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, पेटी आण. आईनं पेटी आणली. माझा हिरव्या गाठीचा ब्लाऊज तळाशी होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. वर होता तो दुसराच, उडालेल्या रंगाचा. त्याच्या कडेला आईच्या खडूची ताजी रेघ होती. मी तो उलटा केला. आतली गाठ निळी होती.

निळी गाठ आनंदाआत्याची. तिच्या मागे तिचे सगळे कपडे देऊन टाकले होते, पण गिऱ्हाइकांच्या पेटीतला हा एक ब्लाऊज कोणाच्या ध्यानातच राहिला नव्हता. आईनं गाठ डोळ्यांजवळ नेली, उजेडात धरली. "मले तं हिरवीच वाटली," ती म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "आनंदाबाईचंही असंच झालं होतं. जाईपर्यंत माप बदललं नाई. मीच तिले म्हनो, नशीबवान हायेस, थांबली."

दुखणं राहून राहून यायचं. बाबा मला भंडाऱ्याला घेऊन गेले. तिथं पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, आणि रक्तात साखर. साखरेचा आकडा वाचून डॉक्टरांनी माझं वय पुन्हा विचारलं. बाबा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी ढसाढसा रडले. मरणाची भीती वाटत होती ती वेगळीच, पण त्याहून मला वाटत होतं की हे माझं मरण नाहीच. आत्याचं जुनं मरण उसवून मला बेतून दिलं आहे.

साखर जरा आटोक्यात आणून नागपूरला ऑपरेशन झालं. आधी तिथल्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं होतं की कातडीखालच्या चरबीचा लहानसा तुकडा अभ्यासासाठी घेऊ का. जाड माणसांच्या चरबीवर त्यांचं काही काम चालू होतं. मी म्हटलं, घ्या, मला काय तिची कमी आहे? त्या हसल्या. ऑपरेशननंतर भेटल्या तेव्हा मात्र हसल्या नाहीत.

"पोटाचा घेर वाढला होता का तुझा?" त्यांनी विचारलं.

आई छातीचं माप घेते, दंडाचं घेते. ब्लाऊजला पोटाचं माप लागतच नाही. मी तसं सांगितलं.

"दंडावर, मांड्यांवर वाढत नव्हती, पण आत पोटात वाढत होती," त्या म्हणाल्या. "यकृत पिवळं पडलंय. तिथं चरबी जाऊन बसली आहे. आणि बाहेरची, कातडीखालची, ती मऊ असायला हवी. तुझी रेषाळ आंब्यासारखी होती, कापताना लागत होती हाताला."

मी म्हटलं, मला बघायची आहे. त्यांना वाटलं मी घाबरेन. मी म्हटलं, मी घाबरलेलीच आहे, आता बघून काय वाढणार. टाके काढायला गेले त्या दिवशी त्यांनी मला खोलीत नेलं. काचेवरच्या त्या तुकड्याचं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवलं.

आधी एका धडधाकट माणसाची चरबी दाखवली. स्वच्छ गोल बुडबुडे, एकाला एक लागून, मध्ये अगदी पुसट रेघा. मग माझी. बुडबुडे होते, पण प्रत्येकाला दोऱ्यानं करकचून आवळलं होतं. जाड दोरे, एकात एक गुंतलेले. कुठं टाक्यांची रांग, कुठं गाठ. आणि सगळे दोरे निळे होते.

"हे निळं..." मी म्हटलं.

"रंग आम्ही घालतो. वणाचे धागे निळे उठून दिसावेत म्हणून," त्या म्हणाल्या.

"निळाच कशाला?"

"पद्धत आहे, बाई. असं बघ, चामडी कापली की वण धरतो ना, तसाच हा चरबीला आतून धरतो. आपण जास्तीचं खाल्लं की चरबीची एकेक पेशी फुगते. ती फुगायची तर तिच्या भोवतीची जाळी सैल व्हायला हवी. तुझ्यात जाळीला वण धरलाय, ती सुटत नाही. मग खाल्लेलं राहणार कुठं? यकृतात जातं, स्नायूंत जातं, जिथं त्याचं घर नाही तिथं. आणि तिथं ते साठलं की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. इन्सुलिन दार वाजवतंय, आतलं कोणी उठत नाही. साखर रक्तातच फिरत राहते. मानेचा काळा पट्टा त्याचीच खूण."

"तो मळ नाही?"

"नाही. घासू नकोस."

मी पडद्याकडे बघत होते. राख आठवली मला, आणि राखेतला गारवा. "माझ्या आत्यालाही असंच होतं," मी म्हटलं. "तिचंही माप थांबलं होतं."

"असेल. तिची चरबी पाहिली नाही, कसं सांगू? वण आधी की साखर आधी, यावर आमचंच अजून एकमत नाही. पण लोक फसतात ते इथंच. अंगावर दिसत नाही म्हणजे बरं चाललंय, असं धरून चालतात." त्या पडदा बंद करता करता म्हणाल्या, "आणि हे जाड माणसालाच होतं असंही नाही. कोठी लहान असली तर थोडक्यातही भरते. काटकुळ्या माणसांचं तर कोणाला कळतही नाही."

ते शेवटचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही. मी माझ्याच निळ्या दोऱ्यांत अडकले होते.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिनं त्यातलं एवढंच घेतलं की आत सुटायला जागा उरली नव्हती. "मीच माया कापली तुही," ती म्हणायची आणि रडायची. मी ओरडले तिच्यावर. "तुह्या कात्रीनं नाई झालं हे! आधीपासून चालू होतं!" पण ती दुसऱ्या दिवशी उसवत बसली. त्या पांढऱ्या ब्लाऊजला बगलेत पट्ट्या जोडून तिनं त्याला नवीन माया लावली. दिसायला तो ब्लाऊज भिकार झाला. मी घालून दाखवला.

गोळ्या सुरू झाल्या. पहाटे कोंढ्याच्या रस्त्यानं मी चालत जायला लागले, भात निम्मा केला, चहातली साखर गेली. टाचेच्या फोडाला मी रोज आरसा लावून बघायची. तो एकदाचा सुकला तेव्हा मी त्यावर मुद्दाम नखानं दाबलं आणि दुखलं. इतका आनंद मला कशानं झाला नव्हता. बरगडीखालचं शिवणंही थांबलं. मशीन चालू असली तरी मी दचकत नव्हते. टेप मात्र आता आम्हा दोघींनाही भिववायचा. तो जागचा हलला नाही की आईचा चेहरा उतरायचा. आता आई पोटाचंही माप घ्यायची, आणि एका रविवारी तिथंच टेप आत सरकला. मग दंडावर. मी आत्याचा निळ्या गाठीचा ब्लाऊज घालून पाहिला. तो मला सैल झाला होता.

"गेली," आई म्हणाली. "आनंदाबाई गेली." आम्ही तो ब्लाऊज धुऊन घडी करून वेगळा ठेवला. मला वाटलं, संपलं.

बुद्धपौर्णिमेच्या आधी आईला स्वतःसाठी पांढरा ब्लाऊज शिवायचा होता. दुपार होती, बाहेर ऊन नुसतं सांडलेलं. तिनं सुई माझ्यापुढे धरली, मी दोरा ओवला. मला गंमत सुचली. इतक्या वर्षांत शिवणारीचं माप कोणी घेतलंच नव्हतं. मी टेप उचलला आणि म्हटलं, "ये, आज तुहं माप मी घेतो."

"माहं कायचं माप घेतेस?" ती हसली. पेटीतून तिनं तिचा ब्लाऊज काढला, लग्नाच्या सालातला. त्याला गाठ नव्हती. काडीसारखी आई, तिनं तो अंगात घातला आणि हूक लावून माझ्यासमोर उभी राहिली. एक चुणी नाही, कुठं ओढ नाही, कुठं झोळ नाही.

"पाह्य," ती अभिमानानं म्हणाली. "तुह्या बापानं आनली तवापासून एका सुताचा फरक नाई."

मी टेप घेऊन तिच्या मागे गेले. मोठ्यानं बोलत होते, आकडे सांगत होते, काहीतरी चिडवतही होते. मग खांद्याचं माप घेण्यासाठी मी तिचा अंबाडा वर उचलला. आई नेहमी मानेवर अंबाडा बांधते आणि त्यावर पदर घेते. तिची मान मी कधी पाहिलीच नव्हती. मखमलीसारखा जाड काळा पट्टा केसांतून निघून ब्लाऊजच्या गळ्यात उतरला होता.

"काय व?" आई म्हणाली. "किती भरलं?"

मी अंबाडा हळूच खाली ठेवला. लोटा तिच्या पायाशी रिकामा पडला होता, सकाळपासून कितव्यांदा कोण जाणे. तिच्यात आणि आत्यात रक्ताचा एक थेंब सारखा नव्हता. सारखं होतं ते एवढंच की दोघींची मापं थांबली होती आणि दोघींचंही ते आम्ही नशीबच समजलो होतो. मला भयंकर भीती वाटली. मी टेप मुठीत गुंडाळला.

"आई," मी म्हटलं, "उद्या सकाळी काही खाऊ नको. चहाही घेऊ नको. पवनीले दवाखान्यात जाचं हाय."

"काहून?"

"तुहं माप घ्याचं हाय."